निम्म्याखाली नाही

खारशेतच्या वरच्या वाडीत, सहदेव तांबेच्या अंगणात, फणस आणि विहीर यांच्या मधे एक गाडी उभी आहे. मूळची ती चिपळूणकडच्या कुठल्याशा शाळेची. पोरं वाहून वाहून दमली तेव्हा शाळेने ती काढली आणि सहदेवने घेतली. पिवळा रंग खरवडून त्याने तिला पांढरा दिला, तरी भिजली की कुशीवर ‘स्कूल बस’ ही अक्षरं अजून उमटतात. आत झोपायला दोन बाक, फळीचा ओटा, पाण्याची टाकी, लहानसा फ्रिज, पंखा, दिवे. टपावर सौर पॅनेल. आणि मागच्या सीटखाली, जिथे एके काळी पोरांची दप्तरं कोंबलेली असत तिथे, दोन मोठ्या बॅटऱ्या. शहरातले लोक असल्या गाडीला मोटरहोम म्हणतात. वाडी तिला ‘सहदेवाचा सबस्टेशन’ म्हणते, आणि वाडीचं नाव जास्त बरोबर आहे.

कारण सहदेवची सगळी नोकरी वीज कंपनीच्या सबस्टेशनात गेली. लोक म्हणत, याने आयुष्यभर लोकांना वीज दिली. त्याच्या मते खरी गोष्ट उलटी होती. वीज द्यायचे प्रसंग ऑपरेटरवर फारसे येत नाहीत, ती आपली चालूच असते. त्याला फोन येतो तो बंद करायला. भारनियमनाच्या वर्षांत वरून हुकूम आला की सहदेव एक खटका खाली ओढी, आणि तिकडे गावंच्या गावं त्याच्या आईबापाचा उद्धार करू लागत. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. हुकूम होता. कागदावर सही होती.

मात्र निवृत्त झाल्यावर कुणाच्याही हुकमाने बंद पडणार नाही अशी थोडी वीज आपली स्वतःची असावी, एवढी एक इच्छा त्याने मनात धरली होती. ती कुठून आली हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण बल्बची गोष्ट सहदेवने सगळ्यांना सांगितलेली होती.

खारशेतमध्ये विजेचे खांब आले ते आधी खाली बंदरावर, मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या वाडीत. तिथून वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला सहदेवची बौद्धवाडी म्हणजे चढणीची एक वाट. पण ती वाट चढायला खांबांना बरीच वर्षं लागली. दरम्यान सहदेव दहावीला आला. बंदरावर पहिला बल्ब लागला तो ठमाबाईच्या घरात. ठमाबाई मासे विकायला वरच्या वाडीत यायची. पूर्वी ती सहदेवच्या आईच्या, सुंदराबाईच्या, पदरात मासळी वरून टाकायची. पुढेपुढे हातात द्यायला लागली. तिचा मुलगा रावजी सहदेवच्याच वर्गात. तेव्हा सहदेव संध्याकाळी पुस्तक घेऊन त्यांच्या पायरीखालच्या दगडावर जाऊन बसे. खिडकीतून उजेडाचा एक तुकडा बरोबर त्या दगडावर पडे. ये असं कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. परीक्षेच्या तोंडावर एका संध्याकाळी ठमाबाईने बल्ब बंद केला. आतून म्हणाली, “तापला हाय तो. गेला तर दुसरा रत्नागिरीसून कोण आणील?”

सहदेव घरी आला आणि चिमणीवर उरलेला अभ्यास करून पास झाला. त्याची खरी पंचाईत तिथेच झाली. नापास झाला असता तर तक्रारीला पुरावा राहिला असता. बल्बच्या उजेडात आत बसलेला रावजी नापास झाला आणि बापाच्या होडीवर गेला, त्यामुळे तर तक्रार अगदीच लुळी पडली. ती मग सहदेवने गोष्ट म्हणून जपली. निरोप समारंभात ती सांगितली तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीचा बेत होता नागपूरचा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं, आणि तेही आपल्या घरातून, आपल्या उजेडात. त्याची बायको करुणा अंगणवाडीतून निवृत्त झालेली. ती लहानपणी एकदा वडिलांबरोबर तिकडे गेली होती, गर्दीत चुकली होती आणि उघड्या मैदानात कुणा परक्या बाईच्या चादरीवर झोपली होती. या खेपेला आपल्या बाकावर झोपू, असं ती हसत म्हणायची.

त्याआधी सराव हवा म्हणून दोघं गणपतीपुळ्याच्या अलीकडे एका मोकळ्या सड्यावर जाऊन राहिली. वीज कंपनीची तार जिथे दिसणार नाही अशी जागा सहदेवने मुद्दाम शोधली होती. करुणा सामान काढायला लागली तर पोत्यात पाटा आणि वरवंटा.

“हे कशाला आणलंस?”

“तुमच्या गाडीत मिक्सर चालत नाही ना.”

“चालत नाही असं नाही. फ्रिज चालू असताना नको म्हटलं. मिक्सर एकदम ओढतो.”

“फ्रिज कधी बंद असतो?”

“फ्रिज बंद ठेवून कसं चालेल?”

“म्हणून पाटा आणला. हा काही ओढत नाही. मीच ओढते.”

त्या सड्यावर बसून करुणाने पाट्यावर खोबरं वाटलं, आणि शेजारी अत्यंत आधुनिक मोटरहोम उभं होतं. पंखा सहदेवने एकावर ठेवला. दिवे चार असले तरी एक लावला. बॅटरीचा छोटा मीटर त्याने दाराशी बसवला होता आणि येता-जाता तो त्याच्याकडे बघे, जसे काही लोक देव्हाऱ्याकडे बघतात. त्याचा नियम एकच होता: निम्म्याखाली नाही. बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं. हे खरं आहे, कुठलाही बॅटरीवाला सांगेल. पण बॅटरीवाला असंही सांगतो की अडीअडचणीला एखाददा उतरली तर आभाळ कोसळत नाही. हे दुसरं वाक्य सहदेवने ऐकलं होतं, पण नियमात घेतलं नव्हतं.

पुढे एका मे महिन्याच्या मध्याला वादळ आलं. आंबा उतरवायचा राहिला होता तो वादळाने उतरवला. कौलं गेली, माड आडवे झाले, आणि विजेचे खांब बंदरापासून सड्यापर्यंत काड्यांसारखे मोडले. या वेळी मात्र दोन्ही वाड्या एकदमच अंधारात गेल्या. त्याची मौज वाटण्याचं वय सहदेवचं उरलं नव्हतं, तरी थोडी वाटलीच.

फणसाची एक फांदी टपाच्या कडेला घासून गेली, पण पॅनेल वाचलं, बॅटऱ्या भरलेल्या होत्या. अख्ख्या खारशेतात दिवा होता तो सहदेवच्या गाडीत. सकाळी वाडीतली माणसं मोबाइल घेऊन आली. सहदेवने एक फळी काढून तिला प्लगांची रांग लावली आणि सगळ्यांचे फोन चार्ज करून दिले. शेजारचा लवू म्हणाला, “काका, आता तुमी ऑपरेटर नाय, तुमीच कंपनी.” सहदेव हसला. गेल्या कित्येक वर्षांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

आभाळ मात्र उघडायला तयार नव्हतं. पॅनेलवर ऊन नाही, म्हणजे आत येतंय थोडं, जातंय जास्त. आणि तेव्हा सहदेवच्या ध्यानात आलं की ही तर परीक्षाच आहे. नागपूरच्या वाटेवर ढग लागले तर गाडी किती तग धरेल, हे बघायला असा मोका परत मिळायचा नाही. त्याने फ्रिज चालू ठेवला, एक दिवा, पंखा एकावर, आणि प्रयोग सुरू केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रावजी चढण चढून आला. गुडघे गेलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. करुणाने त्याला गाडीच्या पायरीवर बसवलं आणि चहाला आत गेली.

“कितपत नुकसान झाला खाली?” सहदेवने विचारलं.

“होडी वाचली. कौलां गेली अर्धी. ता होईल रे. तुझ्याकडे लाइट हाय म्हणतात.”

“लाइट कसली, बॅटरी.”

“ताच. सहदेवा, आयेची गादी बसली हाय.”

ठमाबाई नव्वदीच्या पुढची, दोन पावसाळे अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून नातवाने, नितेशने, मुंबईहून हवेची गादी पाठवली होती. तिला एक लहान पंप असतो. तो गादीच्या एका कप्प्यात हवा भरतो, दुसऱ्यातली सोडतो. असं आलटून पालटून रात्रंदिवस चालतं, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. लाइट गेली तशी गादी चपटी झाली होती. म्हातारी वादळापासून सतरंजीवर होती.

रावजीने पिशवीतून पंप काढून दिला. डब्याएवढा. सहदेवने तो उलटा करून मागची पट्टी वाचली. आयुष्यभर अशाच पट्ट्या वाचलेला माणूस तो. एका नजरेत त्याला कळलं. आदल्या सकाळी त्याने वाडीचे जेवढे फोन लावले होते त्यातल्या एकाएवढीही वीज हा पंप खात नव्हता.

“हा चोवीस तास चालवायचा?” त्याने विचारलं.

“ती चोवीस तास झोपलेली असते.”

“म्हणजे इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवायला हवा. तो नुसता चालू असला तरी स्वतःच खातो. वर ऊन नाही.”

“मंग एक बॅटरी दे. दोन हायत ना? पोरांना लावतो उचलायला.”

“जोडीच्या बॅटऱ्या तोडायच्या नसतात रे. एक जास्त उतरते, एक कमी. मग दोन्ही जातात.”

“असा काय,” रावजी म्हणाला. समुद्राबद्दल सहदेवने काही विचारलं असतं तर त्यानेही असंच सांगितलं असतं आणि सहदेवने असंच मानलं असतं. “तू त्यातला माणूस. किती हाय आता तिच्यात?”

“निम्म्याच्या जरा वर.”

“मंग?”

“निम्म्याखाली न्यायची नाही.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सहदेव पुढे कितीदा तरी ती वाक्यं तपासून बघणार होता आणि दर वेळी ती खरीच निघणार होती.

करुणाने आणून दिलेला चहा रावजीने संपवला. मग मान वळवून म्हणाला, “ता काय गुरगुरता आत?”

“फ्रिज,” सहदेव म्हणाला.

“एवढा काय ठेवलंस त्यात?”

सहदेव बोलायच्या आत करुणा म्हणाली, “अर्धा नारळ आणि कोकमाची बाटली.”

रावजी हसला. टोमणा त्याच्या लक्षात आला नाही किंवा त्याने येऊ दिला नाही. पंप पिशवीत घालून उठला. “उद्या ऊन पडला तर बघ हां,” म्हणाला, आणि गुडघा धरून उतरायला लागला.

तो वळणाआड गेल्यावर करुणा म्हणाली, “गाडी खाली न्या.”

“काय?”

“त्यांच्या दारात उभी करा. खिडकीतून वायर आत घ्या. तुमचा फ्रिज नि पंखा बंद ठेवा.”

“रस्त्यावर झाडं पडलीत.”

“सकाळीच तोडली. दूधवाला टेम्पो घेऊन आला की. चाकं कशाला लावलीत तिला मग?”

चाकांचा विचार सहदेवच्या डोक्यात आलाच नव्हता, असं तो नंतर स्वतःला सांगून बघायचा. ते काही त्याला पटायचं नाही. तेव्हा तो म्हणाला, “प्रयोग मोडेल.”

“कसला प्रयोग?”

“नागपूरचा.”

करुणाने कपबशा उचलल्या. “नागपूरला काय शिकायला जायचं असतं ते तरी ठाऊक आहे ना?” ती म्हणाली. आणि जाता जाता, “तुमचा तो बल्ब अजून विझला नाही म्हणायचा.”

सहदेव मीटरसमोर उभा राहिला. उत्तर द्यायला त्याच्याकडे आकडे होते, पण आकडे सगळे करुणाच्या बाजूचे होते.

दुसऱ्या दिवशीही ऊन पडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं आलं, बॅटरीला जरा हात दिला आणि गेलं. सहदेवने दोनदा गाडीची किल्ली खिशात घातली आणि दोनदा खुंटीला लावली. आज गेलो तर काल का नाही आलास, असं कुणी विचारणार नव्हतं. पण आपण गेलोच नाही यापेक्षा उशिरा गेलो हे जास्त वाईट दिसेल, असं काहीतरी विचित्र गणित त्याच्या डोक्यात बसलं होतं. मग कंपनीची माणसं आली, बंदरावर नवे खांब उभे राहिले, आणि लाइट आली. यंदाही आधी खालीच आली.

गाडीतली बॅटरी शेवटपर्यंत निम्म्याखाली उतरली नाही. प्रयोग यशस्वी झाला.

तेव्हा मात्र सहदेव खाली गेला. ठमाबाईच्या खोलीत औषधाचा वास होता. पाठ आणि टाच फुटली होती. रावजीची बायको मुकाट्याने कापूस बदलत होती. म्हातारीखाली गादी पुन्हा फुगत होती, बसत होती, आणि पंप कोपऱ्यात बारीक घुरघुरत होता.

“कोण तो?” ठमाबाईने विचारलं.

“सहदेव. सुंदराबायचा.”

“लाइटीतला?”

“हो, आये.”

म्हातारीने हात वर केला. तो कुठे ठेवायचा हे तिला दिसत नव्हतं, म्हणून सहदेवने वाकून डोकं पुढे केलं. “तूच आणलास काय रे लाइट?” ती म्हणाली. “मी रावजीक सांगत होते, सहदेवाला सांग, तो आणील. बरा केलास पोरा.”

सहदेवने तोंड उघडलं. कंपनीची माणसं आली होती, आये, एवढंच म्हणायचं होतं. पण रावजी दारातून मोठ्याने म्हणाला, “हो गो, त्यानंच आणलान!” आणि सहदेवकडे बघून डोळा मिचकावला. म्हातारीला बरं वाटावं म्हणून माणसं बोलतात तसं.

जखमा भरल्या नाहीत. पाऊस लागला तेव्हा तिला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं, परत आणलं, आणि आषाढात ती गेली. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं. गाव म्हणालं वय झालं होतं. रावजीही तेच म्हणाला. या एका गोष्टीवर सगळ्या खारशेताचं एकमत होतं, आणि सहदेवला त्यात सामील होता येत नव्हतं.

बाराव्याला तो रावजीबरोबर त्यांच्या पायरीवर बसला होता. खाली तो दगड अजून तसाच. सहदेव म्हणाला, “रावजी, बल्बाचं आठवतं तुला? दहावीच्या वर्षी आयेने बंद केला तो?”

“कंचा बल्ब?”

सहदेवने सांगितलं. निरोप समारंभात सांगितली होती तेवढी रंगवून नाही, जरा चोरून सांगितल्यासारखी.

रावजी आठवून बघत राहिला, मग म्हणाला, “असेल बाबा. ती बल्ब सगळ्यांचाच बंद करायची. माझ्या लगनात बंद केलान, वऱ्हाडी जेवत होते. तापला म्हणाली.” आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला.

हे खरं असेल किंवा शाळासोबत्याने घातलेली समजूत असेल. सहदेवला ते दोन्ही सारखंच लागलं. फरक एवढाच, की रावजीसाठी तो बल्ब घरात बंद व्हायचा आणि सहदेवसाठी घराबाहेर. हा फरक रावजीला कधी दिसला नव्हता, आणि तो दाखवायचा हक्क आपल्याकडे आता राहिलेला नाही, असं सहदेवला वाटलं.

“गादीचा मी उगाच तुला सांगायला आलो होतो तेव्हा,” रावजी मधेच म्हणाला. “तुझी बॅटरी ती किती पुरणार.”

सहदेवला ते नेमकं ठाऊक होतं. त्याने सांगितलं नाही.

भाद्रपद उलटून गेल्यावर एका सकाळी रावजी पुन्हा वर आला. या वेळी खांद्यावर गुंडाळी आणि हातात तीच प्लास्टिकची पिशवी.

“ही घ्या,” तो करुणाला म्हणाला. “धुवून पुसून आणली. मेलेल्या माणसाची म्हणून नको वाटत असेल तर तसा सांगा. पण नितेशने एवढ्या हौसेने पाठवली, टाकवत नाय. तुमी नागपूरला जाणार ना? वहिनींच्या कमरेला बरी. गाडीत लाइट हायच.”

करुणाने हात पुढे केला नाही. नको म्हणणं सोपं होतं. सहदेवनेच हात पुढे केले.

रावजी गेल्यावर त्याने ती गादी गाडीतल्या बाकावर अंथरली. पंप लावला, इन्व्हर्टर चालू केला. त्या दिवशी ऊन नव्हतं. गादीचा एक कप्पा फुगला, दुसरा बसला; मग दुसरा फुगला, पहिला बसला. सहदेव समोरच्या बाकावर बसून बघत राहिला. दुपारी जेवायला आला आणि परत जाऊन बसला.

नागपूरला त्या वर्षी करुणा वाडीतल्या बायकांबरोबर रेल्वेने गेली. मैदानातच झोपली, आणि चांगली झोप लागली म्हणाली. गाडी अंगणातून हलली नाही. पण त्याला अजून अवकाश होता. गादी आली त्या दिवशी संध्याकाळी करुणा गाडीच्या दारात आली तेव्हा पंप चालूच होता.

“कोण झोपलंय तिच्यावर?” तिने विचारलं.

“कुणी नाही.”

“मग बंद करा की. उगाच बॅटरी कशाला घालवताय?”

ज्या माणसाने आयुष्यात एक दिवा उगाच जळू दिला नाही, तो म्हणाला, “राहू दे जरा.”

करुणाने त्याच्याकडे बघितलं, आणि मग दाराशी बसवलेल्या मीटरकडे. सकाळी होता तोच आकडा तिथे होता.